अट करारात, कुत्रा घरात : हैदराबादेतील सदनिकेच्या मालकाने काय करावे?

हैदराबादेत नोकरीनिमित्त काही वर्षे काढून गोव्यात परतलेल्या काहींनी तेथील सदनिका विकलेली नसते. कोंडापूर वा गच्चीबावलीतील ते घर भाड्याने दिलेले असते, भाडे दरमहा खात्यात जमा होत असते आणि एके दिवशी इमारतीच्या वॉचमनचा फोन येतो की, भाडेकरूंनी लॅब्रॅडॉर आणला आहे. करार काढून पाहावा तर त्यात स्पष्ट लिहिलेले असते : पाळीव प्राणी ठेवू नयेत. मग अट मोडली म्हणून घर रिकामे करून घेता येईल का? याचे उत्तर कुत्र्यावर कमी, त्या अटीच्या पुढे काय लिहिले आहे यावर आणि मालकाने पुढच्या महिन्याचे भाडे कसे स्वीकारले यावर अधिक अवलंबून असते.

प्रथम कायदा कोणता, ते पाहू. गोव्याचा १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा तेथे लागू नाही, हे उघडच आहे. तेलंगणात संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळातील १९६० चा भाडे नियंत्रण कायदा चालत आला आहे. त्यानुसार भाडेकरूचे वर्तन शेजाऱ्यांना उपद्रवकारक ठरले तर त्याला घराबाहेर काढण्याची मागणी करता येते. मात्र तो उपद्रव सिद्ध करावा लागतो. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका हद्दीत महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या इमारती या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. सुलतान बाजार किंवा काचीगुड्यातील एखाद्या जुन्या, नाममात्र भाड्याच्या वाड्याला तो कायदा लागू असू शकेल. आजच्या बाजारभावाने दिलेल्या सदनिकेसाठी मात्र १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि स्वतःचा करार हेच काय ते आधार.

या कायद्याचे कलम १११ सांगते की, भाडेकरूने स्पष्ट अट मोडली आणि ती मोडल्यास मालकाला घराचा ताबा परत घेता येईल, असेही करारात नमूद असेल, तर मालक लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपुष्टात आणू शकतो. छापील नमुन्यावरून उतरवलेल्या करारांत नेमके हे दुसरे वाक्य राहून जाते. प्राणी ठेवू नयेत, एवढेच लिहिलेले असेल तर ती अट आहे खरी. पण तिच्या भंगामुळे नुकसानभरपाई मागता येईल, या कलमाच्या बळावर घर रिकामे करून घेता येणार नाही.

ते वाक्य करारात असले तरी कलम ११४-अ आड येते. भाडेकरूने नेमकी कोणती अट मोडली हे नोटिशीत सांगावे लागते, चूक सुधारण्याजोगी असल्यास ती सुधारण्यास सांगावे लागते आणि त्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. भाडेकरूने त्या मुदतीत कुत्र्याची अन्यत्र सोय केली, तर दावा तेथेच संपतो. माझ्या मते ही तरतूद न्याय्य आहे. घर जाणे ही एका अटीच्या भंगाची फार मोठी किंमत आहे.

सर्वांत जास्त मालक फसतात ते कलम ११२ मध्ये. अटभंग झाल्याचे ठाऊक असूनही मालकाने त्यानंतरचे भाडे स्वीकारले, तर त्याने तो भंग माफ केला असे कायदा मानतो. अपवाद एवढाच की, ताब्यासाठी दावा दाखल केल्यानंतर घेतलेल्या भाड्याने हक्क जात नाही. आता भाडे मोबाइलवरून आपोआप जमा होते. वॉचमनने जूनमध्ये कळवले, मालक सप्टेंबरपर्यंत गप्प राहिला आणि तीन महिन्यांचे भाडे खात्यात साठले, तर त्याची तक्रार लंगडी पडते. म्हणून कळले त्याच आठवड्यात भाडेकरूला लेखी कळवावे आणि भाडे आपण हक्क राखून स्वीकारत आहोत, असे त्यात नमूद करावे. पुढची नोटीस मात्र वकिलाकडूनच जावी.

अर्थात बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. दिवाणी न्यायालयाचा वेग पाहता, पाच महिने उरले असतील तर नूतनीकरण न करणे हाच पुष्कळदा स्वस्त मार्ग ठरतो. उभयपक्षी एक महिन्याच्या सूचनेने करार संपवण्याचे कलम असेल तर तेही वापरता येते; त्यात कुत्र्याचा उल्लेखही करावा लागत नाही.

वीज तोडणे, पाणी बंद करणे, कुलूप बदलणे या वाटेला मात्र जाऊ नये. बळाने बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि तेथे मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही.

काही मालक सोसायटीला मध्ये घालतात. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी संघटनेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. या सूचना संघटनांना उद्देशून आहेत. मालक आणि भाडेकरू यांच्यातील करार ही निराळी बाब आहे. पण संघटनेच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याचा काही उपयोग नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

शेजाऱ्यांची भीती अनाठायी असते असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये बंजारा हिल्स येथे खाद्यपदार्थ पोहोचवायला गेलेला एक कामगार, ग्राहकाचा कुत्रा अंगावर धावून आल्याने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि नंतर दगावला. त्याच वर्षी मे महिन्यात मणिकोंड्यात अशाच प्रसंगी दुसऱ्या कामगाराने तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही जबाबदारी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याची, म्हणजे भाडेकरूची.

दुसरी बाजूही ध्यानात असावी. ‘उद्यापर्यंत कुत्रा हलवा’ अशा तंबीने घाबरलेला भाडेकरू जनावर रस्त्यावर सोडून देतो. असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड क्षुल्लक असला तरी हाल त्या मुक्या जिवाचे होतात. नोटिशीत पंधरा-वीस दिवस दिले तर नातेवाइकांकडे सोय लागू शकते.

अनामत रकमेबाबतही सावध असावे. ओरखडलेली दारे, कुजलेले लाकूड यांचा खर्च कापता येतो. त्यासाठी ताबा देताना आणि घेताना छायाचित्रे हवीत. मात्र करारात लिहिले म्हणून सगळी अनामत गिळता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार, ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

भाडेकरू भाडे वेळेवर देणारा असेल, तर वेगळा विचारही करता येईल. मूळ अट रद्द करून छोटा पूरक करार करावा : एकच कुत्रा, रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना, जिन्यात आणि लिफ्टमध्ये साखळी, घर सोडताना स्वच्छता भाडेकरूच्या खर्चाने. अट मोडल्यास ताबा परत घेण्याचे ते वाक्यही या वेळी त्यात घालून घ्यावे.