डिप्लोमा म्हणजे अर्धी डिग्री?

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. मार्क कमी पडले तर आयटीआय, बरे असले तर पॉलिटेक्निक, चांगले असले तर बारावी सायन्स आणि मग डिग्री. या हिशेबामागे एक शिडी गृहीत धरलेली असते. तळाला सर्टिफिकेट, मधे डिप्लोमा, वर डिग्री. आणि वरच्या पायरीवर पोचलेल्याला खालच्या सगळ्या पायऱ्या आपोआप मिळाल्या, असं मानलं जातं. ही समजूत इतकी पक्की आहे की ती तपासून बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही. नोकरीच्या जाहिराती, परवान्यांचे नियम आणि न्यायालयांचे निकाल मात्र वेगळंच सांगतात. प्रत्येक शैक्षणिक कागद ठरावीक संस्थेने ठरावीक कामासाठी दिलेला असतो. तो कुणी दिला आणि त्यावर काय करता येतं, हे दोन प्रश्न प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विचारले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे मोठी पदवी असली की लहान अर्हता तिच्या पोटात आलीच. जम्मू-काश्मीरच्या वीज खात्याने तंत्रज्ञांच्या जागांसाठी आयटीआय मागितलं होतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेल्यांचं म्हणणं असं, की आम्ही तर त्याहून जास्त शिकलो. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. नियमात तसं लिहिलेलं नसेल तर वरच्या अर्हतेत खालची धरता येत नाही, असं स्पष्ट केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, तिथे प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी, असा निकाल दिला. आपल्याकडे बी.एड. झालेला माणूस डी.एड.वाल्याकडे जरा वरूनच बघतो, पण पहिलीच्या वर्गापुरती त्याची बाजू आता लंगडी आहे. सोलापूरकरांना याहून जवळचं उदाहरण रेल्वेचं. मध्य रेल्वेच्या सोलापूर क्लस्टरमध्ये, म्हणजे इथला कॅरेज-वॅगन डेपो आणि कुर्डुवाडीचं वर्कशॉप, ट्रेड अप्रेंटिस भरले जातात. त्यासाठी दहावी आणि त्या ट्रेडचं आयटीआय लागतं. बी.ए. असो की बी.कॉम., पदवीच्या जोरावर तिथे अर्ज टिकत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: काही ठिकाणी डिप्लोमाच्या जागेवर डिग्रीवाले घेतलेले दिसतात, ते कसे? केरळमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदवीधरांच्या बाजूने निकाल दिला होता, कारण तिथल्या सेवानियमांत तशी तरतूदच होती. म्हणजे फरक नियमाने पडला, पदवीच्या वजनाने नव्हे. दुसरा आक्षेप असा की जास्त शिकलेल्याला नाकारणं अन्यायाचं आहे. मला तो तितकासा पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे स्वतंत्र कसब आहे. आणि प्रश्न फक्त कसबाचा नाही. २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेतल्या शिपायाच्या जागेचं प्रकरण आलं. उमेदवार पदवीधर नसावा, अशी अट असताना एकाने पदवी लपवली आणि ती नोकरी त्याला गमवावी लागली. कमी शिकलेल्यांसाठी राखलेल्या जागा पदवीधरांनी बळकावल्या तर बारावी झालेल्याने जायचं कुठे?

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे. डिप्लोमा अर्धी डिग्री असता तर त्याला डिग्रीच्या निम्मे अधिकार मिळाले असते. पण बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.फार्म. उत्तीर्ण होऊन ठरलेलं प्रशिक्षण आणि नोंदणीच्या अटी पुऱ्या केल्या की फार्मासिस्ट म्हणून पूर्ण नोंदणी होते, अर्धी नाही. बी.फार्म.वाल्याशेजारी तोही त्याच कायद्याखाली औषधाच्या दुकानात उभा राहतो. अभियांत्रिकीत तर वर्षांची बेरीज करून बघावी. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि बी.ई.ची चार, एकूण सहा वर्षं. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन, तीही सहाच. दोन वर्षांचं आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात गेलं आणि पुढे बी.ई. केलं तर सात वर्षं होतात, फक्त एक जास्त. 'पॉलिटेक्निकला घातलं म्हणजे पोराचं वर्ष वाया गेलं' हे बोलणं या आकड्यांपुढे टिकत नाही. उलट, तिसऱ्या वर्षाअखेरीस घरची परिस्थिती बिघडली तर डिप्लोमावाल्याच्या हातात कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातीला चालणारा कागद असतो. बी.ई. त्या टप्प्यावर सोडणाऱ्याकडे तसा कागद नसतो. मात्र तीन वर्षांचा डिप्लोमा तीन वर्षांच्या बी.ए.ला पर्याय ठरत नाही, हेही सांगायला हवं. राज्यसेवेला पदवी लागते, डिप्लोमावर अर्ज भरता येत नाही.

कागद कुणी दिला, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण कॉलेजच्या नावाने देतात. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचं बाविसावं कलम तेच सांगतं. १९४० मध्ये सुरू झालेलं दयानंद कॉलेज घ्या. तिथल्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या पदव्यांवर मुंबई, पुणे, शिवाजी आणि सोलापूर अशी चार विद्यापीठांची नावं निघतील. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. नाव बदललं म्हणून जुनी पदवी रद्द होत नाही, नव्याने काढून घ्यायचीही गरज नसते. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात असलं तरी तिथली एमबीबीएस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा मुंबईच्या तंत्रशिक्षण मंडळाचा. संगमेश्वरसारखं स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, पण पदवीवर विद्यापीठाचीच मोहर असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात आणखी एक गुंतागुंत आणली. पदवीचं पहिलं वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चारनंतर ऑनर्स. संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून लागू झालं. सोय चांगली आहे, कारण मिळवलेले क्रेडिट जमा राहतात आणि पुढे परत येऊन शिकता येतं. पण बी.कॉम.ची दोन वर्षं करून मिळालेली पदविका म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा नव्हे, आणि पदवीनंतरचा पदव्युत्तर डिप्लोमा तर त्याहून निराळा. तिन्हींना लोक डिप्लोमाच म्हणणार, आणि क्लासच्या फलकावर सहा महिन्यांच्या टॅली कोर्सलाही तेच नाव लावलेलं असणार.

मुक्त विद्यापीठाची पदवी 'चालत नाही', ही समजूतही सोडून द्यायला हवी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये कायद्याने स्थापन झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणातल्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष धरल्या जातात आणि स्पर्धा परीक्षांना चालतात. यातला अपवाद मात्र मोठा आहे. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरशिक्षणातून अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या, त्यांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला आणि हजारो नोकरदारांच्या पदव्या टांगणीला लागल्या. तेव्हा पद्धत दूरशिक्षणाची आहे एवढ्याने घाबरू नये. तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे आयोगाच्या यादीत बघावं.

कागदाला कोण विचारतं, हातात कसब हवं, असं म्हणणारेही भेटतात. कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर ते पुष्कळसं खरं आहे. सरकारी भरतीत मात्र अर्जाची छाननी आधी होते आणि कसब दाखवायची वेळ नंतर येते. लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची जाहिरात पाहा: कुठल्याही शाखेची पदवी, आणि जोडीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचं टंकलेखनाचं प्रमाणपत्र. विद्यापीठात पहिला आलेला पदवीधरही त्या छोट्या कागदाविना तिथे अपात्र ठरतो, आणि तो कागद कुठलंही विद्यापीठ देत नाही. त्यासाठी पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा द्यावी लागते.