खर्रा सुटतो, पानठेला सुटत नाही

एकवीस दिवस खर्ऱ्याला हात लावला नाही, बाविसाव्या दिवशी मित्रांबरोबर पानठेल्यावर थांबलो आणि पन्नी पुन्हा हातात आली. मग आपली इच्छाशक्तीच कमी समजायची का? चंद्रपूर-गडचिरोलीकडे तंबाखूचा विषय काढला, की थोड्याफार फरकाने हा प्रश्न समोर येतोच. ‘२१ दिवसांत सवय बदला’ अशी आव्हानं मोबाइलवर फिरत असतात आणि ती पूर्ण न करू शकलेला माणूस स्वतःला दोष देत बसतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: खोट त्याच्यात नाही, त्या आकड्यात आहे.

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली एका पुस्तकात आपलं निरीक्षण नोंदवलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला किमान २१ दिवस लागतात. पुढच्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला, चेहराही गाळला आणि उरलेला आकडा प्रत्येक सवयीला चिकटवला. प्रत्यक्ष मोजणी लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी रोज एकच साधी गोष्ट करायची होती, जसं जेवणाबरोबर फळ खाणं किंवा थोडं चालणं. ती आपोआप घडू लागायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. प्रयोग चालला बाराच आठवडे, म्हणजे २५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, हेही ध्यानात ठेवावं. मला यातला सगळ्यात दिलासा देणारा निष्कर्ष वेगळाच वाटतो: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. शिवाय ही मोजणी फळ खाण्याची होती. खर्रा सोडणं हे त्याहून फार अवघड काम आहे, कारण तिथे रसायनशास्त्र विरुद्ध बाजूने लढत असतं.

खर्ऱ्यात असतं काय? सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. यातला चुना चवीपुरता नसतो. तंबाखूतलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं ते मुख्यतः त्याच्या विद्युतभाररहित रूपात. निकोटिनसाठी सामू (पीएच) ८ ही मधली रेघ आहे. तिथे अर्धे रेणू भाररहित असतात. सामू ७ असेल, तर अकरातला जेमतेम एक रेणू त्या रूपात असतो. चुन्याने सामू ९वर नेला, की अकरातले दहा. म्हणजे तंबाखू तेवढाच, पण रक्तात शिरायला तयार असलेलं निकोटिन कित्येक पटींनी जास्त. हे गणित कुणी शिकवलेलं नव्हतं. चुना मळून तंबाखू खाणाऱ्यांनी जिभेवरच त्याचा शोध लावला. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि पुढच्या पन्नीची आठवण होते. भरीला सुपारीतलं अरेकोलिन आहे. ते स्वतःच मेंदूवर काम करतं, म्हणून ‘तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो’ ही सुटका नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच सुपारीला, तंबाखू नसला तरीही, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

इथे एका मराठी शास्त्रज्ञाची आठवण काढायलाच हवी, कारण सवय आणि शरीर यांचा संबंध त्यांनी फार आधी वाचला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या विकृतिशास्त्र विभागात देशभरातून आलेल्या गाठींचे नमुने त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येत. १९४५मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. विषय होता लोकांच्या चालीरीती आणि त्यांतून होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार. खैनी खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्या खळगीत कर्करोग होत होता. आंध्रकडे चुट्टा नावाची तंबाखूची विडी पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. तिथे तो टाळूला होत होता. तिसरा प्रकार तर तंबाखूचा नव्हताच. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिल्याने तिथल्या कातडीला तो होत होता.

त्या काळी कर्करोगाकडे वंश, वय, नशीब या अंगाने पाहिलं जाई. खानोलकर आणि सूर्याबाई म्हणत होते, की माणूस कुठल्या मुलखात, कुणासारखं जगतो ते पाहा; गाठ कुठे येणार हे त्यावरून कळेल. खानोलकरांचं नाव निदान वैद्यकीय वर्तुळात तरी टिकलं. सूर्याबाईंचा उल्लेख मात्र संदर्भसूचीतल्या एका आडनावाएवढा उरला आहे, याची खंत वाटते. असेच विसरले गेलेले दुसरे म्हणजे मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी. तोंडाची आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो, त्या विकाराचं वर्णन १९५२मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये केलं होतं. पुढच्याच वर्षी जोशींनी आपल्याकडचे रुग्ण मांडले आणि कातडीखालच्या तंतूंवर बोट ठेवणारं नाव त्याला दिलं. जगभर आजही बव्हंशी तेच नाव वापरतात. आज विदर्भात विशी-पंचविशीतली मुलं हा विकार घेऊन दंतवैद्याकडे येतात. सुपारीतली द्रव्यं कोलॅजनचे तंतू वाढवतात, सुपारीतलं तांबं त्यांना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला बळ देतं, आणि एकदा विणलेलं हे जाळं खर्रा सोडला तरी सहसा उसवत नाही. म्हणून तो लवकर सोडायचा.

आता बाविसाव्या दिवसाकडे येऊ. निकोटिन सुटल्यावरची चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. म्हणजे एकविसाव्या दिवशी सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचं शरीर बरंचसं मोकळं झालेलं होतं. मग अडलं कुठे? व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांनी उंदरांवर अनेक वर्षं केलेल्या प्रयोगांतून याचं उत्तर मिळतं. एका पिंजऱ्यात लागलेली सवय दुसऱ्या पिंजऱ्यात मोडून काढली, की ती गेल्यासारखी दिसते. उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवला, की ती पुन्हा डोकं वर काढते. मेंदू जुनी सवय पुसत नाही, तिच्यावर नवी शिकवण लिहितो; आणि ती नवी शिकवण जागेला बांधलेली असते. आपल्या तरुणाने एकवीस दिवस घरी राहून खर्रा सोडला होता. पानठेल्यावर उभं राहून सोडलेला नव्हता.

माणसांमधला याचा पुरावा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना हेरॉइन सहज मिळे आणि साधारण पाचातला एक जण त्याच्या कह्यात गेला होता. हे सगळे परतल्यावर काय होणार, या धास्तीने सरकारने १९७१मध्ये परतणाऱ्या सैनिकांचा पाठपुरावा करायला रॉबिन्स यांना सांगितलं. निघालं ते कुणालाच खरं वाटेना. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांत, थोड्या काळापुरते का होईना, अडकलेले १२ टक्के. देश बदलला, सोबत बदलली, भीती संपली आणि हेरॉइनसारखी गोष्ट बहुतेकांची सुटली. रॉबिन्स यांना पुढे वर्षानुवर्षं आपल्या आकड्यांचा बचाव करावा लागला.

पण पोंभुर्ण्याच्या किंवा धानोऱ्याच्या माणसाने कुठे जायचं? त्याचा पानठेला, त्याचे मित्र, त्याची रोवणी आणि तेंदूचा हंगाम सगळं तिथेच आहे. बांधावर विसावा घेताना एकाने पन्नी उघडली, की ती सगळ्यांपुढे फिरते. नको म्हणणं हे नातं नाकारल्यासारखं वाटतं. अशा वेळी ऐन क्षणी मन घट्ट करण्याचा सल्ला निरुपयोगी आहे. जंगलात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वणवा पेटतो एप्रिल-मेमध्ये, पण जाळरेषा त्याच्या कितीतरी आधी, गवत वाळायच्या सुमारास घेतली जाते. पट्टा साफ करून ठेवला असेल, तरच आग तिथे थबकते. ज्वाळा दिसल्यावर कुणी रेषा आखू शकत नाही. आणि एकदा घेतलेली जाळरेषा कायमची नसते, पावसाळ्यात तिच्यावर गवत उगवतं, दर वर्षी ती पुन्हा काढावी लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या ‘जर-तर’ योजनांचं मर्म हेच आहे: अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन, हे आधी ठरवून ठेवायचं. पन्नी पुढे आली तर खिशातली बडीशेप काढायची. संध्याकाळी चौकातून न जाता मागच्या रस्त्याने घरी जायचं. गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा ही योजना चांगलीच सरस ठरली. आणि मित्रांना आधीच, खर्रा समोर नसताना सांगायचं, की मला देऊ नका, पण बोलवत मात्र राहा. मैत्री तोडायची नसते. मैत्रीतला एक व्यवहार तेवढा बंद करायचा असतो.

तरीही एकट्याने घेतलेली जाळरेषा अरुंदच राहते. ती रुंद कशी होते हे गडचिरोलीने दाखवलं आहे, आणि आपल्या विज्ञानलेखनात त्याची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. गावातल्या दारूचा प्रश्न बायकांनी मांडला आणि तो या रीतीने सोडवला गेला. बाहेरच्याला ही रीत संथ वाटते. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांना ती तशी वाटली नसती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई असताना लोकांनी काळीज, मूत्रपिंड असे भाग खावेत म्हणून लेविन यांनी गृहिणींचे गट घेऊन प्रयोग केला होता. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं; काहींनी आपसांत चर्चा करून शेवटी हात वर करून ठरवलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के घरांत तो नवा पदार्थ शिजला, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के. व्यसनमुक्तीच्या नावाखाली शाळा-शाळांतून भाषणं आणि शपथा देणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

गडचिरोलीची १९९३ची दारूबंदीही गावोगावच्या ठरावांतून, बायकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपूरच्या बायका तर दारूबंदीसाठी २०१०मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ला तिथे बंदी लागू झाली आणि २०२१मध्ये सरकारने ती उठवली. मंत्रालयात आखलेली रेषा मंत्रालयात पुसता येते. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा जो अधिकार दिला आहे, तो म्हणूनच मोलाचा. ती रेषा गावाची असते आणि गवत काढायलाही गावच असतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासनाबरोबर सुरू केलेला ‘मुक्तिपथ’ तंबाखूसाठी हीच वाट धरून चालला आहे: गावाचा ठराव, दुकानदारांशी बोलणं, आणि सोडू पाहणाऱ्याला उपचार. काम जड आहे. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी असली, तरी २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खात होते. जगात २०२२ साली तोंडाच्या कर्करोगाचे जे १,२०,२०० रुग्ण बिनधुराचा तंबाखू आणि सुपारी यांमुळे झाले असा अंदाज आहे, त्यांतले ८३,४०० भारतातले होते.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणं आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तो देणं, दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. आपल्या गावच्या शाळेपासून पानठेला किती अंतरावर आहे ते मोजा आणि पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. खर्रा खात असाल, तर आज आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, किंवा तिखट खाताना आग होत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याला दाखवा. सोडायला मदत हवी असेल, तर राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा १८००-११२-३५६ हा क्रमांक विनामूल्य आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाला असेल, तरीही फोन करा.