घणाचा वेग कसा मोजावा ?

परळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गिरण्यांचीं धुरांडीं उभीं राहतात. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा परळ येथील कारखानाही १८७९ सालचा आहे. आगगाडीच्या कारखान्यांतून लोहारशाळा असत व तेथें तापलेल्या लोखंडावर वाफेच्या बळानें चालणारा घण पडे. या घणाची कल्पना जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश यंत्रज्ञानें १८३९ सालीं कागदावर रेखाटली होती.

घण किती वेगानें आदळतो हें जाणण्याची आवश्यकता काय ? आघाताची शक्ति घणाच्या वजनाच्या प्रमाणांत वाढते; परंतु वेगाच्या बाबतींत ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति चौपट. वेग एकदशांशानें घटला तर शक्ति शेकडा १९ नें उणी. आघात उणा पडला तर लोखंड सांच्यांत पुरतें भरत नाहीं. अधिक झाला तर सांचा तडकतो. घडणींत राहिलेली उणीव पुढें धांवत्या गाडीखालीं उघडी पडली, तर प्रवाशांच्या जीवावर बेतते.

एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तु खालीं येतांना सेकंदास सुमारें ४·४ मीटर वेग पावते, हें गणितानें सांगतां येतें. परंतु घणास वाफ वरून रेटीत असते आणि दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक खांब घर्षणानें अडवीत असतात. म्हणून खरा वेग प्रत्यक्षच पाहावा लागतो.

येथें कॅमेरा उपयोगी पडतो. दादासाहेब फाळके यांनीं दादर येथें तयार केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्यापूर्वीं त्यांनीं रोपाच्या वाढीचीं चित्रें दीर्घ अंतरानें घेऊन मंद गति शीघ्र करून दाखविली होती. घणासाठीं नेमकें उलट करावयाचें : शीघ्र गति मंद करावयाची. सेकंदास २४ चित्रें घेतलीं, तर सेकंदास ५ मीटर वेगाचा घण दोन चित्रांच्या मध्यें सुमारें २१ सेंटिमीटर सरकतो, आणि आघाताचा क्षण निसटतो. सेकंदास १,००० चित्रें घेतलीं, तर तो केवळ ५ मिलिमीटर सरकतो.

घणावर एक पांढरी खूण करावी व शेजारीं मोजपट्टी उभी करावी. आघातापूर्वींच्या २० चित्रांतरांत खूण १० सेंटिमीटर उतरली, तर काळ झाला ०·०२ सेकंद, आणि वेग सेकंदास ५ मीटर.

मात्र सावधगिरी हवी. मोजपट्टी खुणेच्याच पातळींत असावी व कॅमेरा समोर, काटकोनांत असावा. नाहींतर अंतर खोटें दिसतें. जमिनीचा हादरा कॅमेऱ्यास पोंचतां कामा नये. प्रत्येक चित्राचा प्रकाशकाल अत्यल्प हवा, नाहींतर खूण पुसट उमटते. आणि त्यासाठीं दिव्याचा प्रकाश प्रखर हवा.

आतां कांहीं मोबाइलांतील कॅमेरेही सेकंदास २४० चित्रें घेतात. वडील माणसांच्या देखरेखीखालीं मीटरपट्टीशेजारीं चेंडू सोडून पाहा. जमिनीस टेंकण्यापूर्वीं त्याचें प्रत्येक पाऊल १·८ सेंटिमीटरांच्या आसपास भरलें, तर समजा कीं तुमची मोजणी बरोबर आहे.