पडद्यावर एक, कागदावर भलतेच!

बेंगळुरूच्या दक्षिणेला, तामिळनाडूच्या सीमेला टेकलेला आनेकल तालुका. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या इथल्या औद्योगिक वसाहतींत नोकरीनिमित्त गावोगावची माणसे येऊन राहिली आहेत. समजा, अशाच एका मराठी घरात मुलीचे लग्न ठरले आहे. कार्य कऱ्हाडला, पण इकडच्या मंडळींना द्यायच्या पत्रिका जवळच्याच दुकानात छापायच्या. मजकूर घरच्या संगणकावर हौसेने जुळवला, पेनड्राइव्हवर घेतला आणि दुकान गाठले. छापून हाती काय आले? ‘श्रीकृपेकरून’च्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी!

अशा वेळी दुकानदारावर चिडण्यात अर्थ नाही. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाला आकार देतो तो फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा बेंगळुरूच्याच सायबरस्केपची आकृती अशा जुन्या फॉन्टांनी क्रमांक आपापल्या सोयीने वाटून घेतले होते. तो फॉन्ट दुकानातल्या संगणकावर नसला, की त्याच क्रमांकांची रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःचे, जगभर एकच असे क्रमांक दिले. त्यामुळे युनिकोडमधला मजकूर निदान मराठी राहतो. पण फॉन्ट नसेल तर संगणक दुसराच लावतो आणि ओळी हलतात. एका पानात बसवलेली पत्रिका सव्वा पानाची होते आणि ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसते.

याहून फसवी चूक असते ती ‘ऱ’ची. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र टिकवण्यासाठी काही फायलींत एक न दिसणारे जोडचिन्ह असते. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेताना ते गळले, की र रफार होऊन ह च्या डोक्यावर चढतो. हिंदीला या ‘ऱ’ची गरज नसल्याने मराठी न वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. बऱ्हाटे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांच्या मंडळींनी तर डोळ्यांत तेल घालूनच पाहावे. व्याह्यांचेच आडनाव चुकले, तर मांडवात त्यावरून काय काय होईल, ते सांगायला नको!

यावर सोपा उपाय पीडीएफचा. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या प्रकारात फॉन्ट फाइलच्या पोटातच भरून पाठवता येतो. मात्र तो खरोखर भरला गेला आहे का, हे पाहून घ्यावे. अडोबी रीडरमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ उघडले, की प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असे दिसायला हवे. पीडीएफ पडद्यावर बिनचूक आणि छपाई तरीही चुकीची, असे झाल्यास छपाईच्या ‘अॅडव्हान्स्ड’ पर्यायांत ‘प्रिंट अॅज इमेज’ निवडावे. मग प्रिंटर अक्षरे स्वतः न जुळवता अख्खे पान चित्रासारखे छापतो. काम थोडे सावकाश होते, एवढेच.

कागदाचे मापही पाहावे. आपल्याकडचा ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. अमेरिकी ‘लेटर’ सुमारे २१६ बाय २७९ चा. फाइल एका मापाची आणि कागद दुसऱ्या मापाचा असला, की खालची ओळ कापली जाते, नाहीतर सगळा मजकूर आक्रसतो. शिवाय बरेच प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून वेलबुट्टीची चौकट काठाला चिकटवू नये. रंगाचे म्हणाल, तर पडदा प्रकाशाने रंगवतो आणि कागद शाईने. पडद्यावरचे झगझगीत कुंकू कागदावर थोडे मळकट उतरणारच.

आनेकलच्या दुकानात एक अडचण मात्र पुण्या-साताऱ्यापेक्षा वेगळी. तिथे रोजचे काम कन्नड आणि इंग्रजीचे. चुकलेला रफार पाहून ‘ताई, हे बरोबर आहे ना?’ असे विचारणारे कोणी नसते. म्हणून आधी एकच प्रत काढायला सांगावी, तिथेच उभे राहून ती मोठ्याने वाचावी. नावे, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, सगळे. ‘कऱ्हाड’वर बोट ठेवून बघावे, आणि मगच उरलेल्या दोनशे प्रतींना होकार द्यावा.