रोगी कल्याण समितीत रोगी कोठे आहे?

भारतातील सरकारी रुग्णालयांच्या सुधारणेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे एक प्रकरण इंदूरपासून सुरू करावे लागते, आणि तेही उंदरांपासून. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली व पश्चिम भारतात एकच घबराट उडाली. त्या वेळी इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे शहरवासीयांच्या तोंडचे 'एम. वाय.', उंदरांनी पोखरलेले होते. होळकर संस्थानच्या अखेरच्या राजांचे नाव धारण करणारी ही प्रचंड इमारत. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी अशा दूरदूरच्या भागांतील गोरगरिबांचा हाच शेवटचा आधार. तत्कालीन जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी धाडसी निर्णय घेतला. रुग्णांना शहरातील अन्य रुग्णालयांत हलवून ही इमारत काही दिवसांसाठी रिकामी करण्यात आली, हजारो उंदीर मारण्यात आले, वर्षानुवर्षे साठलेला कचरा बाहेर काढण्यात आला. या कामी शहरातील नागरिकांनी देणग्या दिल्या आणि श्रमही केले.

सफाई झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला. हे रुग्णालय पुन्हा तसेच होऊ नये म्हणून काय करावयाचे? तोपर्यंत रुग्णालयात जमा होणारा पैसा सरकारी तिजोरीत जाई आणि फुटलेली काच बसविण्यासाठी, पाण्याची मोटर दुरुस्त करण्यासाठी भोपाळच्या मंजुरीची वाट पाहावी लागे. यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये एक नोंदणीकृत संस्था स्थापन झाली, तीच रोगी कल्याण समिती. ज्यांना परवडते त्यांच्याकडून अल्प शुल्क घ्यावे, रुग्णालयाच्या मोकळ्या जागेत दुकाने बांधून भाडे मिळवावे, देणग्या स्वीकाराव्या आणि हा सर्व पैसा तेथल्या तेथे रुग्णालयासाठीच खर्च करावा, अशी ही व्यवस्था होती. मध्य प्रदेश शासनाने ती लवकरच राज्यभर नेली. सन २००० मध्ये 'ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क' या जागतिक संस्थेने तिला अभिनव विकास प्रकल्पाचा पुरस्कार दिला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा केंद्राने हीच कल्पना देशभर लागू केली. महाराष्ट्रात ती 'रुग्ण कल्याण समिती' झाली, कर्नाटकात 'आरोग्य रक्षा समिती'. जिल्हा रुग्णालयाच्या समितीस वर्षाला ५ लाख रुपये व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीस १ लाख रुपये अनुदान ठरले. इंदूरच्या एका रुग्णालयातील प्रयोग बेळगावच्या, बडोद्याच्या, कोल्हापूरच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचला तो असा.

या प्रयोगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सरकारी यंत्रणेत खालच्या पातळीवर पैसा व निर्णय दोन्ही देणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु समितीची रचना पाहिली की एक विसंगती नजरेत भरते. समितीत पालकमंत्री असतात, जिल्हाधिकारी असतात, आमदार-खासदार, वैद्यकीय अधिकारी, बांधकाम खात्याचे अभियंता, ठराविक रकमेची देणगी देणारे सद्गृहस्थ असतात. जिच्या नावाने ही समिती चालते ती व्यक्ती मात्र बहुधा सभागृहाबाहेर, केसपेपरच्या रांगेत उभी असते. तिचे 'कल्याण' इतरांनी करावयाचे आहे. तिला काय दिसते, काय खुपते, हे विचारण्याची सोय मूळ आराखड्यात फारशी नव्हती. शुल्काची बाजूही अशीच. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना सूट होती, पण ती सूट कागद दाखविल्यावर मिळे, आणि रात्री दोन वाजता झटके येणारे मूल घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात कागद असेलच असे नाही.

येथे शब्दांकडे थोडे वळणे उपयुक्त ठरेल. इंदूर-ग्वाल्हेरच्या रुग्णालयांत रुग्णासोबतच्या माणसास आजही 'तीमारदार' म्हणतात. फारसीतील 'तीमार' म्हणजे देखभाल, काळजी, आणि 'दार' म्हणजे ती बाळगणारा. त्याच शब्दाला चिंता, दुःख अशीही छटा आहे, म्हणजे काळजी घेणे आणि काळजी वाटणे एकाच शब्दात आले. मराठीतील 'शुश्रूषा' हा शब्द तर याहून बोलका आहे. संस्कृतातील 'श्रु' या धातूचे ते इच्छार्थक रूप असून त्याचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. पुढे सेवा हा अर्थ रूढ झाला व ऐकणे विस्मरणात गेले. आपल्या वॉर्डांतील व्यवहार पाहता हे विस्मरण केवळ भाषेपुरते राहिले असे म्हणवत नाही.

रुग्ण व त्याच्या घरच्यांचे ऐकावे हा आग्रह केवळ सौजन्याचा नाही. त्यामागे शास्त्रीय विचार आहे. बैरुत येथे जन्मलेले, आर्मेनियन वंशाचे वैद्य अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासण्याची जी रीत मांडली ती आजही जगभर प्रमाण मानली जाते. त्यांच्या मते दर्जाची तीन अंगे आहेत : रचना (इमारत, खाटा, मनुष्यबळ, उपकरणे), प्रक्रिया (प्रत्यक्षात काय केले गेले) आणि परिणाम (रुग्णाचे काय झाले). यांपैकी रचना अधिकाऱ्यांना नोंदवहीत दिसते. परिणामही आकड्यांत उतरतो. प्रक्रियेचे तसे नाही. इंजेक्शन ठरल्या वेळी दिले की दोन तासांनी, सिस्टरने हात धुतले की नाही, डॉक्टर सकाळी आल्यावर संध्याकाळी फिरकले का, सलाईन संपून नळीत रक्त चढले तेव्हा कोण धावले, हे सलग पाहणारी एकच व्यक्ती वॉर्डात असते. डॉक्टर बदलतो, सिस्टरची पाळी बदलते, वॉर्डबॉय बदलतो. आई, मुलगा किंवा बायको बदलत नाही. दर्जाचे सर्वांत दुर्लक्षित अंग ज्याला सर्वाधिक दिसते त्यालाच 'गर्दी करू नका' म्हणून बाहेर काढले जाते.

हा दोष केवळ गरीब देशांचा नाही. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी मरण पावली. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला झालेली इजा, त्यानंतर रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. मुलीची प्रकृती बिघडत असल्याचे आईवडील सांगत होते, पण त्यांच्या सांगण्यास वजन दिले गेले नाही. वेळेत अतिदक्षता विभागात हलविले असते तर ती बहुधा वाचली असती, असे पुढे मृत्युचौकशीत निष्पन्न झाले. तिच्या आईवडिलांनी केलेल्या प्रयत्नांतून २०२४ पासून इंग्लंडच्या १४३ रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' लागू करण्यास सुरुवात झाली. रुग्णाची प्रकृती ढासळते आहे असे घरच्यांना वाटले आणि उपचार करणारे लक्ष देत नसतील, तर कुटुंबाला त्याच रुग्णालयातील दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला थेट बोलावता येते. ही व्यवस्था चोवीस तास उपलब्ध असते. रुग्णाचे व घरच्यांचे मत दररोज विचारून नोंदवावे, हाही या नियमाचा भाग आहे.

भारतात याच दिशेने झालेला सर्वांत विचारपूर्वक प्रयोग दिल्लीच्या डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयातील नवजात शिशु कक्षात झाला. आजारी अर्भकाच्या कक्षात आईवडिलांना प्रवेश नाही, ही आपल्याकडील जुनी शिस्त. कारण एकच सांगितले जाई : बाहेरची माणसे जंतू आणतील. या रुग्णालयातील डॉक्टरांनी ही समजूत तपासून पाहावयाचे ठरविले. एकूण २९५ अर्भकांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटातील अर्भकांच्या घरच्यांना रीतसर शिकवून बाळाच्या सेवेत सामील करून घेतले. हात कसे धुवावेत, झगा कसा घालावा, बाळाला कसे उचलावे, दूध कसे पाजावे, धोक्याची चिन्हे कोणती, घरी गेल्यावर काय करावे, हे सारे दृक्श्राव्य साधनांनी शिकविले गेले. अक्षरओळख नसलेल्यांनाही ते कळावे अशी त्याची मांडणी होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ज्या जंतुसंसर्गाची भीती होती त्याचे प्रमाण दोन्ही गटांत वेगळे आढळले नाही. घरी जाण्यापूर्वी केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मात्र कुटुंबाच्या सहभागाने वाढले, ६६.७ टक्क्यांच्या जागी ८०.४ टक्के. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'कुटुंब सहभागी शुश्रूषे'ची मार्गदर्शक तत्त्वे काढून ही पद्धत देशातील सरकारी नवजात कक्षांसाठी स्वीकारली.

यापुढचे पाऊल २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने टाकले. घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांतील प्रत्येकी एका रुग्णालयात तो झाला. भारतातील रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. एक किलो ते सुमारे पावणेदोन किलो वजनाच्या ३२११ अर्भकांचा त्यात समावेश होता. जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवावयाचे, आणि त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट लावावयाची, अशी रीत एका गटात पाळली. दुसऱ्या गटात बाळ स्थिरावल्यावर आईजवळ दिले. अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. या उपायासाठी कोणतेही महाग यंत्र लागले नाही. लागली ती आईसाठी एक खाट, तिचे जेवण, स्वच्छतागृह, आणि ती येथे असणे हा उपचाराचाच भाग आहे हे मान्य करण्याची तयारी. शेवटची गोष्ट मिळविणे खाटेपेक्षा कठीण असते.

आता पुन्हा इंदूर. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस याच महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, दोन अर्भकांना उंदरांनी चावे घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांचाही मृत्यू झाला. मृत्यूचे कारण जन्मजात व्यंग व गुंतागुंत असल्याचे रुग्णालयाने सांगितले. कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, कीटक व उंदीर नियंत्रणाचे कंत्राट घेणाऱ्या कंपनीला दंड झाला आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. ज्या वास्तूतून उंदीर हद्दपार करताना रोगी कल्याण समिती जन्मली, त्याच वास्तूत तीस वर्षांनी हे घडले.

आई जवळ असती तर हे टळले असते, असे खात्रीने म्हणणे घाईचे होईल. उंदीर हा इमारतीचा, कचऱ्याचा आणि कंत्राटाचाही प्रश्न आहे. पण वॉर्डात उंदीर फिरतात ही बातमी अधिकाऱ्यांच्या आधी कोणाला असते? जमिनीवर सतरंजी टाकून निजणाऱ्या तीमारदारांना. त्यांनी ती कोणाला सांगावी, सांगितल्यावर कोठे नोंदली जावी, नोंदल्यावर किती दिवसांत उत्तर मिळावे, आणि उत्तर न मिळाल्यास समितीच्या बैठकीत तो विषय कोणी मांडावा, याची ठरलेली वाट असणे म्हणजे रुग्णांचा सहभाग. केंद्राने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही अभिप्राय नोंदविण्याची सोय सुरू केली. भ्रमणध्वनीवर प्रश्न येतो, उत्तर द्यावयाचे. पण घरी गेल्यावर 'समाधानी आहात का' असे विचारणे वेगळे, आणि रात्री अकरा वाजता कक्षात उंदीर दिसल्यावर हाक मारण्याची सोय असणे वेगळे. तक्रारपेटीबद्दल तर न बोललेले बरे. तिची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याविरुद्धच बहुधा चिठ्ठी असते.

अशी वाट घालता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. पुण्याची 'साथी' ही संस्था त्याची राज्यस्तरीय समन्वयक होती. गावकऱ्यांची समिती ठरलेल्या प्रश्नावलीवरून माहिती गोळा करी : डॉक्टर मुक्कामी असतात का, औषधे बाहेरून आणावयास सांगतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का. उत्तरांवरून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देऊन तक्ता लावला जाई. रंगांमुळे निरक्षर बाईलाही आपल्या केंद्राची अवस्था समजे. त्यानंतर जनसुनवाई होई. तेथे अधिकाऱ्यांसमोर माणसे उभी राहून अनुभव सांगत आणि अधिकाऱ्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे. प्रारंभी डॉक्टरांना ही सभा म्हणजे आपल्यावरील खटला वाटे, आणि काही वेळा तसे स्वरूप येईही. पण रिक्त पदे, न आलेला औषधसाठा, नादुरुस्त रुग्णवाहिका या डॉक्टरांच्याच जुन्या तक्रारी लोकांच्या तोंडून वर जाऊ लागल्यावर काही ठिकाणी त्यांचाही सूर बदलला.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणी नियमांत दुरुस्ती करून हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. फलक लागले, काही ठिकाणी इतक्या उंचीवर की वाचण्यास मान दुखावी. माहितीचा हक्क फलकावर इंग्रजीत असेल आणि डिस्चार्ज कार्डही इंग्रजीत असेल, तर मराठी, कन्नड वा उर्दू वाचणाऱ्या घरात गोळी सकाळची की रात्रीची याचा निर्णय औषध दुकानदारच करतो. इंदूर, बेळगाव, हैदराबाद यांसारख्या बहुभाषी शहरांत तर रुग्णाची भाषा, सिस्टरची भाषा आणि कागदाची भाषा या तिन्ही वेगळ्या असू शकतात. दिल्लीच्या नवजात कक्षातील डॉक्टरांनी हा पेच चित्रे आणि चलचित्रे वापरून सोडविला. अन्य वॉर्डांसाठीही तेवढे करता येईल, आणि त्याचा खर्च रोगी कल्याण समितीच्या वार्षिक अनुदानात सहज बसेल. समितीच्या पुढील बैठकीत तो विषय येण्यासाठी तेथे बसलेल्यांपैकी कोणीतरी अलीकडे त्या वॉर्डात चार रात्री काढलेल्या असाव्या लागतील.