कागदाचा तंतू, डोंगरचे रान आणि आपला बांध

घोलवड, बोर्डी व डहाणू येथील चिकू हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनही बाहेरगावी जातो. खोके भरताना फळाची प्रत व आकार बागाईतदार कसोशीने पाहतो. परंतु ते खोके कोणत्या रानातून आले, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. वस्तुतः तो त्याच्याच हिताचा आहे. डहाणू व तलासरीच्या टेकड्या उघड्या पडल्या, तर ओढे लवकर आटतात आणि माती वाहून खाचरांत येऊन बसते. म्हणून कागद कशापासून होतो व कशापासून व्हावा, याचा येथे थोडक्यात विचार करू.

कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंची एकमेकांत गुंतलेली चादर होय. हे तंतू मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळतात: लाकूड व बांबू, उसाचे चिपाड, भाताचा पेंढा इत्यादी शेतीतील अवशेष, आणि रद्दी. रासायनिक रीतीने शिजविल्यास कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे निम्माच लगदा हाती येतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार असल्याने तो गिरणीस अडचणीचा, आणि आपल्या गुरांस तर तो आधी हवा. रद्दीचा तंतू दर फेरीस आखूड व दुबळा होतो. सबब थोडा नवा तंतू लागतोच. तो कोठून आणावा, एवढाच खरा वाद आहे.

तो बेहिशेबी आणल्यास काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. सुमात्रा बेटावर लगद्याच्या गिरण्यांसाठी विस्तीर्ण नैसर्गिक अरण्ये तोडून तेथे एकाच जातीच्या झाडांची लागवड झाली. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद गिरणीस पुरविल्या जाणाऱ्या बांबूचा ऱ्हास का होतो, याचा अभ्यास माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ नंतरच्या काळात केला. गावकरी काठी तोडताना बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी राखीत. गिरणीसाठी तोड करणारे मजूर मात्र ती साफ करीत. जाळी गेली की कोवळे कोंब गुरांच्या व रानटी जनावरांच्या तोंडी पडत, आणि बेट म्हातारे होऊन खंगे. तोड जितकी अपायकारक, तितकीच तोडण्याची रीतही अपायकारक ठरली.

याउलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावचे. वनहक्क कायदा २००६ अन्वये सुमारे १,८०० हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्याचे पोट रानावर, त्याच्याच हाती विक्रीचा अधिकार, ही यातील मुख्य गोष्ट होय. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही कारखान्यांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून पिकवून घ्यावा, असे सांगितले आहे. पुढे २०१७ साली वनाबाहेरील बांबू कायद्याच्या व्याख्येतील 'झाड' या सदरातून वगळण्यात आला, त्यामुळे खाजगी जमिनीवरील लागवडीची मोठी अडचण दूर झाली.

आता आपल्या दोन तालुक्यांपुरते पाहू. भाताच्या खाचरास सावली व मुळ्यांचा उपद्रव होणार नाही अशा बेताने, ओढ्याकाठी, कुंपणाच्या कडेस किंवा पडीक वरकस जमिनीवर बांबू लावावा. दोन बेटांत पाच मीटर अंतर ठेवावे. पहिली तीन-चार वर्षे गुरांपासून राखण करावी. तीन वर्षांखालील काठी तोडू नये, पावसाळ्यात तोड करू नये आणि काटेरी जाळी राखावी. सरळ व जाड काठी मांडवास, घरास व टोपल्या विणणाऱ्यास द्यावी. वाकडी काठी व शेंडा लगद्यास द्यावा, कारण लगद्याचा माल वजनावर जातो व त्यास दर कमी मिळतो. केवळ लगद्याच्या आशेने लागवड करू पाहणाऱ्याने खरेदीदार, दर व वाहतूकखर्च यांची लेखी निश्चिती आधी करून घ्यावी. तलासरीपासून जवळ असलेल्या वापीच्या बहुतेक कागद गिरण्या रद्दीवर चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि एक चूक कटाक्षाने टाळावी. वरकसावरील साग, ऐन, खैर यांची नैसर्गिक झाडी तोडून तेथे बांबू किंवा निलगिरी लावणे म्हणजे सुमात्राचाच कित्ता गिरविणे होय. त्या झाडीतून वारली कुटुंबांस सर्पण व पाने मिळतात, आणि तिच्याखालील गवत गुरांस मिळते. १९९१ साली केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर मर्यादा घातल्या. परंतु कारखान्यास दूर ठेवून कुऱ्हाड आपणच चालविली, तर त्या संरक्षणास अर्थ काय उरला?

खरेदीतही आपला हात आहे. खोकी घेताना ती रद्दीपासून केलेली आहेत काय, आणि नवा तंतू असल्यास तो कोठला, असे व्यापाऱ्यास विचारावे. सहकारी संस्थेमार्फत एकत्र मागणी केल्यास त्या प्रश्नास वजन येईल. वापरलेली खोकी जाळू नयेत किंवा पावसात कुजू देऊ नयेत. कोरडी बांधून रद्दीवाल्यास द्यावीत. मोडक्या खोक्यातील तंतू पुन्हा कागदाच्या कामी आला, की तितकेच लाकूड कोठल्या तरी डोंगरावर उभे राहते.