रक्तकर्करोगाची गोळी : वेळ आणि विभागणी

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या दोन्ही उपचारांची सूत्रे सर्वस्वी वैद्याच्या हाती असतात. गोळीच्या उपचाराचे तसे नाही. वैद्य चिठ्ठी लिहून देतो. पुढचे काम रोज, वर्षानुवर्षे, रुग्णाला स्वतःच्या घरी करावयाचे असते. ही गोळी सकाळी घ्यावी की रात्री, जेवणापूर्वी की जेवणानंतर, एकदम घ्यावी की दोन वेळा विभागून, हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्यांच्या उत्तरांवर पुष्कळदा उपचाराचे यश अवलंबून असते.

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर किदवाई स्मारक कर्करोग संस्था आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९८० मध्ये प्रादेशिक कर्करोग केंद्राचा दर्जा मिळाला. कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे येतात. बेळगाव-निपाणीकडील मराठी भाषक रुग्णाला त्यासाठी सुमारे ५०० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. काही आठवड्यांच्या गोळ्या घेऊन तो गावी परतला, की शंका विचारण्यास जवळ कोणी नसते. म्हणून नियमाबरोबर नियमामागील कारणही त्याला ठाऊक असणे इष्ट होय.

रोग आणि त्यावरील औषध

दीर्घकालीन मज्जापेशी रक्तकर्करोगात अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड झालेले गुणसूत्र आढळले. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेल्याने ते तसे होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले. या अदलाबदलीतून एक विकृत प्रथिन निर्माण होते आणि ते पेशीला ‘विभाजन कर’ असा अखंड आदेश देत राहते. इमॅटिनिब हे औषध या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत बसून तो आदेश थांबवते. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पूर्वी काही वर्षांत प्राणघातक ठरणारा हा रोग गोळीने ताब्यात ठेवता येऊ लागला. परंतु औषध प्रथिनाला अडवून धरते, ते मुळापासून नष्ट करीत नाही. म्हणून रक्तातील औषधाची पातळी टिकणे महत्त्वाचे असते.

तीन औषधे, तीन वेळापत्रके

शरीरात गेलेल्या औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. इमॅटिनिबचे अर्धायुष्य सुमारे १८ तासांचे आहे. म्हणजे आज घेतलेल्या मात्रेचा सुमारे ४० टक्के भाग उद्या त्याच वेळी शरीरात शिल्लक असतो. यामुळेच ४०० मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा घेतली तरी पुरते. हे औषध जठराला त्रासदायक असल्याने ते जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासह घ्यावयाचे असते. मात्रा ८०० मिलिग्रॅम असेल, तर ती ४०० मिलिग्रॅम सकाळी आणि ४०० मिलिग्रॅम संध्याकाळी अशी विभागतात. फार मळमळणाऱ्या रुग्णाला लहान मात्राही दोन जेवणांत वाटून घेण्याचा सल्ला वैद्य कधीकधी देतात. अर्धायुष्य दीर्घ असल्याने अशा विभागणीने पातळी ढासळत नाही. घड्याळापेक्षा जेवणाला येथे महत्त्व आहे. बेंगळुरूत रात्रपाळी करणाऱ्या माणसाचे मुख्य जेवण दुपारी होत असेल, तर गोळीही दुपारी घेण्यास सामान्यतः हरकत नसते; मात्र ती वेळ वैद्याला विचारून ठरवावी आणि नंतर रोज पाळावी.

निलोटिनिब या औषधाचे अर्धायुष्य सुमारे १७ तासांचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच आहे. तरीही ते बारा-बारा तासांनी दोनदा घ्यावे लागते. याचे कारण आतड्यातील शोषणात आहे. एका वेळी मोठी मात्रा दिली, तर तिचा बराचसा भाग शोषलाच जात नाही. ८०० मिलिग्रॅम एकदम घेण्यापेक्षा ४०० मिलिग्रॅम दोनदा घेतल्यास दिवसभरात शरीराला सुमारे ३५ टक्के अधिक औषध मिळते, असे मोजमापांत आढळले आहे. येथे विभागणी हाच औषधाचा गाभा आहे.

या औषधाचा अन्नाशी असलेला संबंध इमॅटिनिबच्या नेमका उलट आहे. स्निग्ध जेवणानंतर ते घेतल्यास रक्तात जाणारे औषध सुमारे ८० टक्क्यांनी वाढते, आणि वाढलेली पातळी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. म्हणून गोळीपूर्वी दोन तास आणि नंतर एक तास काही खावयाचे नसते. सकाळी ६ वाजता गोळी घेणाऱ्याने ७ वाजेपर्यंत इडली तर नाहीच, पण दुधाची कॉफीही घेऊ नये. उठताक्षणी कॉफीचा पेला हाती घेण्याची सवय असलेल्या घरांत हा नियम मोडण्याचा संभव अधिक. संध्याकाळी ६ वाजताच्या मात्रेसाठी ४ वाजल्यानंतरचा फराळ टाळावा लागतो.

तिसरे औषध डॅसॅटिनिब. त्याचे अर्धायुष्य अवघे तीन ते पाच तासांचे. त्यामुळे ते दोनदा द्यावे, असाच तर्क कोणीही करील. प्रारंभी ७० मिलिग्रॅम दोनदा अशी मात्रा दिलीही जात असे. परंतु १००  मिलिग्रॅम एकदाच दिल्यास गुण तेवढाच येतो आणि फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचण्याचा त्रास कमी होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेतून दिसून आले. कर्कपेशींना एकच जोराचा तडाखा पुरेसा ठरतो आणि मधल्या तासांत निरोगी पेशींना उसंत मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. हे औषध जेवणाशिवायही चालते, मात्र त्याच्या शोषणासाठी जठरातील आम्ल आवश्यक असते. आम्लपित्तावरील साध्या गोळ्या परस्पर घेतल्यास त्याचा परिणाम मोठ्या प्रमाणावर घटतो.

तात्पर्य, एका रुग्णाचे वेळापत्रक दुसऱ्याने उचलणे धोक्याचे आहे. रोग एकच असला, तरी औषधांचे स्वभाव भिन्न आहेत.

विभागणे आणि तोडणे

मात्रा विभागणे आणि गोळी तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमॅटिनिबची गोळी गिळता येत नसेल, तर १०० मिलिग्रॅमला सुमारे ५० मिलिलिटर या हिशेबाने पाण्यात विरघळवून ती लगेच पिता येते. डॅसॅटिनिबची गोळी तोडू वा कुटू नये. तुटलेल्या गोळीची भुकटी हाताला लागणेही गर्भवती स्त्रीला वर्ज्य आहे, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

लहान मुलांच्या तीव्र लसीकापेशी रक्तकर्करोगात मात्र अर्धी गोळी हा चिठ्ठीचाच भाग असू शकतो. मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा मुलाच्या शरीराच्या आकारमानावरून ठरते, आणि ती पुरी गोळीत बसत नसल्यास आठवड्याचे काही दिवस एक व काही दिवस अर्धी गोळी देतात. हे औषध रात्री, दुधाशिवाय, उपाशीपोटी द्यावे, असा दंडक पुष्कळ काळ होता. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की वेळ व अन्न यांमुळे रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही. नियमितपणा अधिक मोलाचा आहे. त्याच्या जोडीला दिले जाणारे मेथोट्रेक्झेट मात्र आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. ते चुकून रोज दिल्यास जीवावर बेतते. म्हणून त्याचा वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा.

अन्य अडथळे

ही औषधे यकृतातील एका विकराकडून मोडली जातात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन त्या विकराला इतके चेतवते, की इमॅटिनिबची शरीराला मिळणारी मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते. याउलट ग्रेपफ्रूट हे फळ त्याच विकराला अडवते आणि औषध वाढवते. त्याच्या कुळातील पपनसातही तशी द्रव्ये आढळतात. बेंगळुरूनजीकच्या देवनहळ्ळीचे पपनस नावाजलेले असले, तरी या रुग्णांनी ते वैद्याला विचारल्याशिवाय खाऊ नये.

चुकलेली गोळी

समजा, बेळगावचा रुग्ण रात्रीच्या गाडीने बेंगळुरूला निघाला आणि त्या गडबडीत जेवण व गोळी दोन्ही राहून गेली. इमॅटिनिब असेल, तर आठवण होताच खाण्याबरोबर ते घ्यावे. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. निलोटिनिबची चुकलेली मात्रा सोडून पुढची ठरल्या वेळी घ्यावी. दुप्पट मात्रा कोणत्याही औषधाची घेऊ नये.

एखादी गोळी चुकल्याने अनर्थ होत नाही. चुकण्याची सवय मात्र अनर्थकारक ठरते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डेव्हिड मरीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांच्या बाटल्यांना, उघडल्याची नोंद ठेवणारी झाकणे तीन महिने बसविली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांच्या अवधीत उत्तम प्रतिसादाची संभाव्यता ९४.५ टक्के होती. त्याहून कमी नियमित असणाऱ्यांत ती २८.४ टक्के होती. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी तीन चुकल्या, की ही सीमारेषा येते.

फसवणूक अशी, की गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. रोगी धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि आपण बरे झालो, असे मानू लागतो. काही रुग्णांना कालांतराने औषध थांबविता येते हे खरे. पण ते दीर्घकाळ उत्तम प्रतिसाद टिकल्यावर आणि नियमित रक्ततपासणी चालू ठेवूनच. तो निर्णय वैद्याचा. तोवर गोळीची वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृतीशी जोडावी, वारांची खाने असलेली डबी वापरावी, आणि त्रास होत असल्यास स्वतः मात्रा कमी न करता वैद्याला सांगावे. विभागणीने किंवा वेळ बदलून तो त्रास पुष्कळदा सुसह्य करता येतो.